फाल्बरवर जाणारी दोघं

१ जून, रविवार

"लग्न झालं की पहिल्याच उन्हाळ्यात तुला फाल्बरवर नेतो." चर्चच्या मागच्या भिंतीला टेकून, तोंडात गवताची काडी धरून कासियान असं म्हणाला होता. मी तेव्हा बावीस वर्षांची. आज शेहेचाळीस.

पहिल्या उन्हाळ्यात आफ्रा पोटात होती. दुसऱ्या उन्हाळ्यात कडेवर. तिसऱ्यात सासूबाईंचं कंबरेचं हाड मोडलं. मग गवताची कापणी, मग मेंढ्या, मग पुन्हा कापणी. तो कधी 'नाही' म्हणाला नाही. विसरून गेला. नाही म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं.

आजच हे आठवायचं कारण म्हणजे मिस्सा सुटल्यावर चर्चच्या अंगणात ठरलं, की यंदा येशूच्या हृदयाच्या रविवारी फाल्बरच्या डोंगरावरची सणाची आग आफ्रा पेटवणार. आमची आफ्रा!

आग पेटवणारा बिनलग्नाचा लागतो, आणि शब्द न दिलेला. खालच्या मळ्यातल्या फिलोमेनाचा एगोन जाणार होता, पण त्यानं ईस्टरला साखरपुडा उरकला. बाकीची पोरं कामाला शहरात. कोणीतरी मागून म्हणालं, कासियानची पोरगी चढते की. म्हातारे खोकले, टोप्या सारख्या केल्या. आजवर मुलगी कधी गेली नव्हती. मग कासियान म्हणाला, "मी असतो तिच्याबरोबर." संपलं. ठरलं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

फिलोमेना शेजारी येऊन हळूच म्हणाली, "तुझ्या लेकीला नवरा मिळेना म्हणून फाल्बर मिळाला, बुर्गल." मी हसले. मग ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "का गं, पोटात दुखतंय का तुझ्या?"

ही बाई मूर्ख असती तर किती बरं झालं असतं.

३ जून

तर हो. पोटात दुखतंय. इथे तरी लिहून टाकावं. आईनं लेकीवर जळावं, याला काय म्हणतात माहीत नाही. आपल्याकडे या पापासाठी शब्दच नसावा. पाप-कबुलीच्या खोक्यात बसून फादरना सांगायचं तरी कसं — माझ्या मुलीच्या नाकाची साल निघते आणि मला बघवत नाही?

पण तेच आहे. बाप-लेक डोंगरावरून आली की दोघांच्या नाकाची साल एकाच वेळी निघते. डोळ्यांभोवती चष्म्याचे पांढरे गोल, बाकी चेहरा भाजलेला. जेवायला समोरासमोर बसतात तेव्हा एकाच माणसाचे दोन तुकडे वाटतात. मी मध्ये, पातेलं घेऊन.

७ जून

जेवताना दोघांचं बोलणं ऐकते. काळी पायरी. मेंढीचा दात. न्हाव्याची खुर्ची. फाल्बरवरच्या जागांची ही नावं. न्हाव्याची खुर्ची म्हणे टोकाच्या अगदी खाली आहे, दोन माणसं पाठ टेकून बसतील एवढीच. तिथे वारा लागत नाही. तिथे बसून ती दोघं माझ्या हातची कडक भाकर आणि स्पेक, धुरी दिलेलं डुकराचं मांस, खातात.

चोवीस वर्षं नावं ऐकून मला सगळी वाट पाठ आहे. कोणी डोळे बांधून वर सोडलं तर सांगेन, आता डावा हात भिंतीला लाव. पण पाऊल एकदाही ठेवलेलं नाही.

एकदा मी हसत हसत म्हटलं होतं, "मला कधी नेणार न्हाव्याकडे?" तो म्हणाला, "तुझे गुडघे बघ आधी." आणि आफ्राकडे वळून दोरीबद्दल बोलायला लागला. गुडघे त्याच्याच उतारावर गवत कापून गेलेत. हे मी म्हणाले नाही.

११ जून

आज आफ्रानं स्वयंपाकघरातल्या खुर्चीला दोर बांधून गाठ घालून दाखवली. कासियान तिच्या मनगटाकडे बघत होता. माझ्याकडे इतकं लक्ष देऊन त्यानं कधी पाहिलंय ते आठवायचा प्रयत्न केला. आफ्राच्या जन्माच्या वेळी, बहुतेक. तेव्हाही तो तिच्याकडेच बघत असेल.

१५ जून, रविवार

सासूबाईंनी पेटीतून दिवा काढला. रॉकेलचा, पितळेचा, वर्षातून एकदाच लागणारा. मला काच पुसायला दिली आणि दरवर्षी सांगतात तसं सगळं पुन्हा सांगितलं, जणू मी कालच या घरात आले. वर आग पेटेपर्यंत घर काळोखात ठेवायचं. आग दिसली की चर्चची घंटा होते, की लगेच घरच्या बाईनं माळ्यावरच्या खिडकीत दिवा लावायचा. म्हणजे वरच्या माणसाला कळतं — पाहिलं, सगळं ठीक आहे, बसा निवांत. मग वरचे टोकावरच रात्र काढतात आणि सूर्य उगवला की खाली येतात.

"आणि दिवा नाही लागला तर?" आफ्रानं विचारलं. तिला माहीत आहे. तरी विचारते, आजीला सांगायला आवडतं म्हणून.

"तर घरात प्रेत आहे," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या लहानपणी मोझरच्या घराचा दिवा लागला नव्हता. त्यांची पोरं आग तशीच टाकून धावत खाली आली. बाप गेला होता."

वर फोन लागत नाही. फाल्बरला कधीच लागला नाही. त्यामुळे आमच्याकडे अजून दिवाच.

काच स्वच्छ पुसली. स्वतःचं तोंड दिसलं त्यात. बघण्यासारखं नव्हतं.

१९ जून

एक गोष्ट लिहून ठेवते. फाल्बरला कोणी ओळखत नाही. साडेतीन हजार मीटरला जरासाच कमी, पण खालच्या रस्त्यावरून सगळ्या गाड्या पलीकडच्या ऑर्टलर शिखराकडे जातात. पोस्टकार्डांवर ऑर्टलर. चीजच्या डब्यावर ऑर्टलर. आमचा एका कोपऱ्यात उभा, करड्या रंगाचा, जरा वाकडा. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला त्याची कीव यायची. वाटायचं, हा आणि मी एका जातीचे.

आता त्याच्यावरही जळते. त्याच्याकडे निदान कोणी जातं तरी.

२२ जून, रविवार

यंदा उन्हाळा लवकर आलाय. दुपारी फाल्बरच्या दक्षिणेच्या भिंतीवरून दगड येतात, आवाज अंगणापर्यंत येतो. आफ्रा जेवताना म्हणाली, न्हाव्याकडे, आपल्या खुर्चीमागे भेग आहे, तिच्यात हात जातो. मागच्या वर्षी बोटं जात होती. कासियान म्हणाला ती भेग आजोबांच्या वेळेपासूनची आहे, डोंगरालाही वय होतं. दोघं हसली.

आईला अशा वेळी भीती वाटायला हवी. मला वाटली नाही. मला आफ्राच्या तोंडचे फक्त दोन शब्द ऐकू आले — "आपल्या खुर्चीमागे".

२८ जून

भाकरी भाजल्या. सुकी सॉसेजं बांधली. आफ्राला तिच्या आवडीचा खसखशीचा केक. उद्या पहाटे निघणार. एगोन आणि आणखी दोघं लाकडाच्या भुशाचे, मेणाचे डबे खांद्यावरून हिमनदीच्या काठापर्यंत पोचवतील, तिथून पुढे फक्त बाप-लेक. डबे टोकाखालच्या उतारावर हृदयाच्या आकारात मांडतात. इथून आमच्या माळ्यावरूनच सगळ्यात चांगलं दिसतं.

आफ्रा आली, मागून मिठी मारली, म्हणाली, "आई, तू दिवा लावशील तेव्हा मी हात हलवीन. तुला दिसणार नाही, पण मी हलवीन."

मला इतकं वाईट वाटलं की तिचे हात सोडवून मी भट्टी बघायला गेले.

२९ जून, रविवार

गेली दोघं. दोर कासियानच्या खांद्यावर. आफ्रा पुढे.

३० जून

फाल्बरचं डोकं पडलं.

दोघं घरात आहेत. जिवंत आहेत. आज लिहवत नाही.

१ जुलै

नीट, क्रमानं लिहायचा प्रयत्न करते. दुसऱ्या कोणाला क्रमानं सांगता येणार नाही.

काल नाही, परवा संध्याकाळी अंधार पडल्यावर मी माळ्यावर गेले. सासूबाई खाली पलंगावर. घर काळोखात. दिवा खिडकीत भरून ठेवलेला, काड्यापेटी माझ्या हातात. आधी एक ठिणगी दिसली, मग दुसरी, मग एक बाजू वळत वळत खाली आली आणि दुसरी तिला भेटायला. हृदय झालं. सुंदर झालं होतं. आजवरच्या सगळ्या पोरांनी केलं त्याहून सुंदर. चर्चची घंटा सुरू झाली.

मी काडी ओढली नाही.

का, ते खरं लिहिते. मला माहीत होतं पुढे काय होणार. दिवा दिसला की ती दोघं 'झालं' म्हणणार आणि खाली बघणं थांबवणार. मग खुर्चीत पाठ टेकून बसणार, माझी भाकर खाणार, आणि तो तिला रात्रभर गोष्टी सांगणार. माझा दिवा म्हणजे त्यांची सुट्टी. दिवा लागला नाही तर ती खाली बघत राहतील. आमच्या घराकडे. माझ्याकडे. थोडा वेळ, एवढंच. चोवीस वर्षांत एवढंच मागितलं.

खालून सासूबाईंनी विचारलं, "दिसली का गं आग?"

मी म्हटलं, "नाही अजून."

घंटा वाजतच होती.

मग पाहिलं तर आगीच्या बाजूला दोन छोटे दिवे हलत होते. त्यांच्या कपाळांवरचे. टोकावरून उतरत होते! तेव्हा मला कळलं मी काय केलं. काडी ओढली, मोडली, दुसरी ओढली, दिवा लावला, वात इतकी वर केली की काच काळी झाली. पण ती दोघं तोवर कड्यामागे वळली होती आणि वाट तिथून डोंगराच्या पलीकडच्या अंगानं येते. तिकडून घर दिसत नाही. हेही मला पाठ आहे.

दारात आली तेव्हा मध्यरात्र कधीच उलटली होती. दोर सोबत नव्हता. कासियाननं मला पाहिलं आणि तिथेच उंबऱ्यावर बसला. आफ्रा माझ्याजवळून सरळ आत आजीच्या खोलीत गेली, मग बाहेर आली, मग माझ्याकडे बघत उभी राहिली. तिच्या दोन्ही तळव्यांची सालं गेली होती.

मी म्हटलं, "वात ओली होती."

झोपायला गेलो. मी झोपले नाही.

उजाडायच्या जरा आधी आवाज झाला. गडगडाट थांबतो, हा थांबेना. काचा थरथरत होत्या, गोठ्यात गाई ओरडत होत्या. अंगणात गेलो तर वरची सगळी दरी धुळीनं भरलेली, आणि धूळ आमच्याकडे चालत येतेय. गोठ्याच्या भिंतीपाशी एकमेकांना धरून उभे राहिलो. धूळ खाली बसल्यावर पाहिलं, तर फाल्बरच्या डोक्याच्या जागी आकाश होतं. टोकावरचा क्रूस गेला. दक्षिणेची भिंत गेली. न्हाव्याची खुर्ची गेली.

कासियान म्हणाला, "आम्ही तिथे असतो."

आफ्रा म्हणाली, "हो."

मी गोठ्यात गाईंकडे गेले.

३ जुलै

हेलिकॉप्टरं. डोक्यावर शिरस्त्राणं घातलेले मोजणीवाले. बोल्झानोहून, इन्सब्रुकहून बातमीदार. खडकाला आतून धरून ठेवणारा बर्फ वितळला, म्हणून खडक पडला, असं म्हणतात. जन्मभर ऑर्टलरकडे जाणाऱ्या गाड्या आता आमच्या रस्त्याला वळल्या. डोकं पडल्यावर आमच्या फाल्बरला किंमत आली. खानावळीत सूपातले पावाचे गोळे संपले म्हणे.

कासियान सगळ्यांना सांगतोय — माझ्या बायकोचा दिवा पेटला नाही, वात ओली होती, म्हणून आम्ही जिवंत आहोत. मला पुढे ओढतो, खांद्यावर हात ठेवतो. फोटो काढतात. चोवीस वर्षांत लोकांसमोर त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला नव्हता.

आणि मला तो हात आवडतो! हे सगळ्यात वाईट.

५ जुलै

कासियान गोठ्यामागे रडत होता. मी दूध घेऊन चालले होते, मला दिसला. फाल्बरकडे तोंड करून, टोपी हातात घेऊन, पोरासारखा हमसून. माझे वडील गेले तेव्हा तो मला धरून उभा होता, पण रडला नव्हता. माझं दुसरं मूल पोटातच गेलं तेव्हाही नाही.

एका दगडासाठी रडतोय. मी दूध तिथेच ठेवून परत फिरले. माझ्यासाठी असा रडेल का, हा विचार आला. अजून मनातून जात नाही.

६ जुलै, रविवार

फादरनी मिस्सात माझं नाव घेतलं. म्हणाले, देव कधी वादळातून बोलतो, कधी एका गृहिणीच्या ओल्या वातीतून. सगळी डोकी माझ्याकडे वळली. मी गुडघ्यांवर होते, गुडघे ठणकत होते, आणि जमीन फाटली तर बरं असं वाटत होतं.

बाहेर फिलोमेना गळ्यात पडली. खरंच रडत होती. आग पेटवायला तिचाच पोरगा वर जाणार होता ना. मग डोळे पुसत तिनं सुचवलं, की तो दिवा आपल्या वरच्या कुरणातल्या देवळीत टांगायचा. नवसाच्या पाट्यांशेजारी. दरीतून वाचलेल्या गाईंच्या, हिमकोसळीतून निघालेल्या माणसांच्या पाट्या असतात तिथे. सगळ्यांना ते फार आवडलं. कासियानला सगळ्यात जास्त.

"तुला काय वाटतं, बुर्गल?" त्यानं विचारलं. सगळ्यांसमोर.

मी म्हटलं, "तुम्हा सगळ्यांना वाटेल तसं."

८ जुलै

सासूबाईंचे पाय चोळत होते. त्या खिडकीकडे बघत होत्या, फाल्बर नसलेल्या खिडकीकडे.

म्हणाल्या, "मी म्हातारी आहे. बहिरी नाही."

माझे हात थांबले.

"घंटा वाजत होती. मी विचारलं, दिसली का आग. तू म्हणालीस, नाही अजून."

मला वाटलं, आता बोलतील, आता कासियानला हाक मारतील. पण त्यांनी पाय माझ्या मांडीवर जरा सरकवला — चोळ, थांबू नकोस, असा. आणि म्हणाल्या, "माझ्या नवऱ्यानंही मला कधी वर नेलं नाही. मीही एका वर्षी दिवा उशिरा लावला होता. फक्त माझ्या वेळी डोंगर पडला नाही."

एक पाय चोळून झाल्यावर — "देवालाही कधीकधी कोणाचा तरी वाईट स्वभावच कामाला येतो. आता दुसरा पाय घे."

१३ जुलै, रविवार

दिवा टांगला. लाल फीत बांधून. पितळ घासून ठेवलं होतं, उन्हात चमकत होतं. बायकांनी त्याला हात लावून तो हात कपाळाला लावला. आफ्रा माझ्याशेजारी उभी होती. तळव्यांवरची पट्टी निघाली आहे, नवीन कातडी गुलाबी आहे. तिनं दिव्याला हात लावला नाही. माझ्याकडेही पाहिलं नाही.

परत येताना कासियान तिच्याशी बोलत पुढे चालला होता, मी मागे. नेहमीसारखी. या वेळी मागेच राहावंसं वाटलं.

१६ जुलै

आफ्रा बोलत नाही. म्हणजे मला 'मीठ दे' म्हणते, 'गाय लंगडतेय' म्हणते. पण बोलत नाही. पंचायतीनं फाल्बरची वाट बंद केली, पाटी लावली. सप्टेंबरात ती डोंगरवाटा दाखवणाऱ्या गाईडच्या परीक्षेला बसणार होती. फॉर्म भरला नाही म्हणे. कासियाननं विचारलं तर म्हणाली, बघू.

मला हेच हवं होतं का? नाही. ती चढणं सोडेल असं मी कधी मागितलं नव्हतं. तिच्या जागी मला उभं राहायचं होतं. ती जागाच जावी, असं नाही.

२० जुलै, रविवार

सांगितलं.

दुपारी वरच्या उतारावर गवत ओढत होतो. कासियान खाली ट्रॅक्टरवर. आम्ही दोघीच, तीव्र उतारावर, एकमेकींच्या वर-खाली. मी तिच्या पाठीकडे बघून म्हटलं की वात ओली नव्हती. मी काडी ओढली नाही. का, तेही सांगितलं, जसं इथे लिहिलं तसं. नाकाच्या सालीपासून. खुर्चीपर्यंत. माझं पुरं सांगून होईपर्यंत ती गवत ओढत राहिली. मग दंताळं जमिनीत रोवून उभी राहिली.

मला वाटलं म्हणेल, म्हणजे तुझ्यामुळे आम्ही वाचलो. लोक म्हणतात तसं. मी त्याची वाट बघत होते, हे कबूल करते.

ती म्हणाली, "दिवा तू लावतेस, आई. आजी नाही. दिवा नाही म्हणजे तूच नाहीस."

मग तिनं खाली ट्रॅक्टरकडे बोट केलं.

"बाबा दोर न बांधता उतरायला लागले. मी हाका मारत होते, ऐकेनात. मेंढीच्या दातावरून बसून घसरले. सगळ्या वाटेत एकच म्हणत होते — मी तिला वर नेलं नाही. मी तिला वर नेलं नाही. मी तेव्हा तुला मेलेलीच धरून चालले होते. घरी येऊन तू दारात उभी. वात ओली होती म्हणतेस."

ती रडली नाही. मी रडले. ती म्हणाली, "आता रडू नकोस, मला राग येतोय. गवत भिजेल, वर बघ." खरंच ढग आले होते. आम्ही उरलेलं गवत ओढलं.

म्हणजे कासियान विसरला नव्हता. इतकी वर्षं विसरला नव्हता. आणि न्यायचंही काही केलं नाही. या दोन्ही गोष्टी एका माणसात कशा मावतात?

२७ जुलै, रविवार

आफ्रानं बापाला सांगितलं नाही. मला म्हणाली, "त्यांना चमत्कार हवाय, त्यांच्याकडे दुसरं काही उरलेलं नाही. तू गप्प बस. हीच तुझी शिक्षा." मी विचारलं, माफ केलंस का? तर म्हणाली, "नाही अजून." अगदी माझ्याच आवाजात.

३ ऑगस्ट, रविवार

खालच्या बागांतले जर्दाळू आले. मुरंबा केला. कासियान बरणीतून बोटानं चाटत होता. मी विचारलं, "मला वर का नेलं नाहीस?" इतक्या सोप्या शब्दांत पहिल्यांदाच.

त्यानं पुन्हा बरणीत बोट घातलं. मग म्हणाला, "तू खाली असलीस की मला परत यायला जागा असते." आणि चुलीकडे बघून, "आफ्रा बरोबर असली तर फक्त जायला सोबत होते."

असं गोड बोलून माणूस सुटतो! मी बरणी बंद केली. त्याला वाटलं माझे डोळे पाणावले. मला राग आला होता. तुझ्या परत येण्याच्या जागेला कधी कुठे जावंसं वाटणार नाही, असं तुला कोणी सांगितलं?

१० ऑगस्ट, रविवार

आफ्रा आज माझ्याबरोबर कोंबड्यांचं खुराडं साफ करत होती. बोलली. फार नाही. एगोनचं लग्न, फिलोमेनाचा नवा झगा. हसली एकदा. मी तिच्याकडे चोरून बघितलं. नाकाची साल निघत नाहीये यंदा. चेहरा गोरा, सारखा. मला तो बघवेना.

१७ ऑगस्ट, रविवार

मोजणीवाल्यांचा कागद पंचायतीवर लागला. फाल्बर बराच बुटका झाला. आणि आता सगळ्यात उंच आहे ते उत्तरेकडचं टेकाड, जुन्या टोकाच्या पाठीशी होतं ते. त्याला नाव नाही. क्रूस नाही. तिकडे जायचं कोणाच्या मनातच आलं नव्हतं. कासियान तिथे उभा राहिलेला नाही. आफ्राही नाही.

उद्या गाईंचं दूध काढून झालं की आफ्राला एकटीला विचारणार आहे. ती नाही म्हणेल — वाट बंद आहे, माझे गुडघे, आणि तिनं मला अजून माफ केलेलं नाही. तरी वाक्य ठरवून ठेवलंय:

वाट उघडली की मला ने. बाबांच्या आधी.